तांबी किती वर्षं ठेवायची आणि काढायला कसं जायचं: मुंबईतल्या बायकांसाठी

माझी धाकटी जून २०१३ मध्ये झाली, महापालिकेच्या हॉस्पिटलात. दुसऱ्या दिवशी सकाळी राउंडला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तांबी बसवायची का?" तांबी म्हणजे दिवस राहू नयेत म्हणून गर्भपिशवीत बसवायचं छोटं साधन. आम्हाला दोनच मुलं हवी होती, मी हो म्हटलं. थोड्या वेळाचं काम होतं. हातात एक छोटं कार्ड आलं, आणि त्यानंतर मी ती तांबी पार विसरून गेले. जानेवारी २०२४ मध्ये शाळेच्या एका फॉर्मवर धाकटीची जन्मतारीख लिहिताना हात थांबला. तिला दहा पूर्ण होऊन सहा महिने उलटले होते. म्हणजे तांबीलाही, आणि तांबी दहा वर्षं चालते असं ऐकलेलं होतं.

त्या रात्री लोखंडी कपाटातल्या सगळ्या फायली खाली काढल्या. लसीकरणाचं पुस्तक मिळालं, डिस्चार्ज कार्ड मिळालं, तांबीचं कार्ड काही मिळालं नाही. त्यानंतर तीन आठवड्यांत मी तीन दारं फिरले, तेव्हा कुठे ती निघाली. त्या फिरण्यात जे जे कळलं ते इथे क्रमाने लिहिते आहे, कारण गॅसच्या सिलिंडरची तारीख आपल्या ध्यानात असते, रेशनकार्डाची असते, पण शरीरात बसवलेल्या या वस्तूची नसते. आणि तिची आठवण करून द्यायला कोणाचा फोन येत नाही.

१. आधी शोधा: तुमच्या आत नेमकी कोणती तांबी आहे?

आपण सरसकट तांबी म्हणतो. माझ्या सासूबाई अजून "लूप" म्हणतात, कारण १९६५ पासून सरकारी कुटुंब नियोजनात जो लूप बसवायचे तो त्यांच्या वेळेला होता. तो नुसत्या प्लास्टिकचा असायचा. आजच्या तांबीवर खरोखर तांब्याची तार गुंडाळलेली असते आणि ते तांबंच सगळं काम करतं: पुरुषबीजाला निकामी करतं, त्यामुळे सहसा गर्भ राहत नाही. तांबी कोणती, यावर तिची मुदत ठरते. आपल्याकडे मुख्यत्वे या भेटतात:

- कॉपर टी ३८० ए: इंग्रजी टी अक्षरासारखी. सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. मुदत १० वर्षं. दांडीवर तार आणि दोन्ही हातांवर तांब्याच्या बारीक नळ्या असतात. ३८० हा आकडा तांब्याच्या पृष्ठभागाचा आहे, चौरस मिलिमीटरमध्ये.
- ३७५ नंबरची तांबी, जिला बरेच जण मल्टिलोड म्हणतात: हात वाकडे, त्यांना बारीक दाते. हीसुद्धा सरकारी दवाखान्यात मिळते. मुदत ५ वर्षं.
- मल्टिलोड २५०: खाजगीत बसवली जाते. मुदत ३ वर्षं.

इथे पहिला मोठा घोटाळा होतो. "तांबी दहा वर्षं चालते" हे वाक्य चाळीत, ट्रेनमध्ये, लग्नाच्या पंगतीत सगळीकडे ऐकू येतं. ते फक्त ३८० साठी खरं आहे. आमच्या मजल्यावरची एक बाई पाच वर्षांवाली घेऊन सात वर्षं निर्धास्त होती.

दुसरा घोटाळा: खाजगी डॉक्टरांनी जर "पाळी कमी करणारी" म्हणून काही बसवलं असेल आणि त्याचे पैसे काही हजारांत घेतले असतील, तर ती बहुधा तांबी नव्हेच. ती हार्मोनवाली आहे. तिच्यावर तांबं नसतं, तिची मुदत वेगळी, काम करण्याची पद्धत वेगळी. ज्यांनी बसवली त्यांनाच तिची तारीख विचारा. या लेखातली वर्षं तिला लावू नका.

कार्ड हरवलं असेल तर घाबरू नका. मी कशी शोधली ते सांगते. बाळंतपणातच तांबी बसवली असेल तर ती डिलिव्हरीनंतर ४८ तासांच्या आत बसवलेली असते. म्हणजे बाळाच्या जन्मदाखल्यावरची तारीख हीच जवळजवळ तांबीची तारीख. सिझेरियनच्या वेळीच बसवली असेल तर तोच दिवस. गर्भपातानंतर बसवली असेल तर त्या वेळच्या कागदावर नोंद असते. डिस्चार्ज कार्ड उलटसुलट करून नीट वाचा. माझ्या कार्डावर अगदी खाली, डॉक्टरांच्या सहीच्या वर, बारीक अक्षरात एका ओळीत नोंद होती आणि त्यात ३८० हा आकडा होता. दहा वर्षं ती ओळ माझ्या कपाटात होती, मी कधी वाचली नव्हती.

काहीच सापडलं नाही, तर ज्या दवाखान्यात बसवली तिथे जुनं रजिस्टर असतं का ते विचारा. मात्र सोनोग्राफीकडून ही अपेक्षा ठेवू नका. तांबी आहे की नाही आणि जागेवर आहे की नाही हे सोनोग्राफीत दिसतं. ती कोणत्या साली बसवली हे दिसत नाही. साल आणि प्रकार दोन्ही कळत नसतील आणि तीन वर्षं होऊन गेल्याची खात्री असेल, तर ती काढून नवी बसवणं हाच शहाणपणा.

२. मुदत मोजा, पण मुदत उलटली म्हणून रात्र जागून काढू नका

मी ती रात्र जागूनच काढली होती. गंज चढला असेल, आत काहीतरी सडत असेल, असलं काहीबाही मनात येत होतं. नंतर ज्या डॉक्टरांनी तांबी काढली त्यांनी शांतपणे समजावलं: दहा वर्षांच्या दुसऱ्या दिवशी तांबी विषारी होत नाही. ३८० ए बारा वर्षांपर्यंत गर्भ रोखते असं अभ्यासांत दिसलेलं आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही ते मान्य केलं आहे. तरीही पाकिटावर १० आहे आणि आपण १० च धरायचं, कारण तांबं हळूहळू झिजतं आणि आपलं तांबं नेमकं किती उरलं आहे हे बाहेरून मोजता येत नाही. मुदत उलटली असेल तर या महिन्यात डॉक्टरांची वेळ घ्या आणि काढून होईपर्यंत निरोध वापरा.

एक वेगळी गोष्ट चाळिशी ओलांडलेल्यांसाठी. चाळिशीनंतर ३८० बसवली असेल तर बरेच डॉक्टर ती पाळी जाईपर्यंत ठेवू देतात, कारण त्या वयात दिवस जाण्याची शक्यता मुळातच कमी होत जाते. हे आपल्या आपण ठरवायचं नाही, डॉक्टरांना विचारून ठरवायचं.

आणि पाळी गेली म्हणून तांबी आत विसरून राहायचं नाही. पन्नाशीनंतर पाळी गेली असेल तर शेवटच्या पाळीनंतर साधारण एक वर्ष थांबतात, पन्नाशीच्या आत गेली असेल तर दोन वर्षं, आणि मग काढतात. त्याहून उशीर करू नका. पाळी गेल्यावर गर्भपिशवी आक्रसते, तिचं तोंड अरुंद होतं, आणि आज पाच मिनिटांत निघणारी तांबी तेव्हा भूल देऊन काढावी लागू शकते. घरातल्या मोठ्या बायकांना, म्हणजे आई, सासू, मावशी, आत्या यांना एकदा तोंड उघडून विचाराच: "तुमची तांबी काढली होती ना?" मी विचारलं तेव्हा माझ्या मोठ्या मावशीला आठवेना. तिची सोनोग्राफी करून घेतली. तांबी नव्हती, आधीच कधीतरी काढलेली होती. पण विचारल्याशिवाय हे कळलं नसतं.

३. मुदतीच्या आधी केव्हा काढायची

तुम्हाला वाटेल तेव्हा. मूल हवं आहे, पाळीला फार जातं, मन मानत नाही, नवरा बाहेरगावी नोकरीला गेला, कारण कुठलंही असो. बसवली तेव्हा तुमची संमती घेतली होती, आता काढायलाही तुमचा शब्द पुरेसा आहे. "अजून तीन महिने बघा, सवय होईल" असं कधी कधी सांगतात. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत पाळीला जास्त जातं, पोटात कळा येतात आणि मग कमी होतं हे खरं आहे, तेव्हा तुमची थांबायची तयारी असेल तर जरूर थांबा. तयारी नसेल तर "मला काढायचीच आहे" एवढं स्पष्ट बोला. फार अंगावरून जात असेल तर हिमोग्लोबिन तपासून घ्या. अंगावर काढत बसलेल्या कितीतरी जणींना जिने चढताना दम लागतो आणि त्या ते वयावर ढकलतात.

काही गोष्टी मात्र अपॉइंटमेंटची वाट बघण्याच्या नाहीत. पाळी चुकली तर आधी प्रेग्नन्सी टेस्ट करा. तांबी असूनही क्वचित दिवस जातात, आणि अशा वेळी गर्भ पिशवीबाहेर, नळीत तर नाही ना हे ताबडतोब बघावं लागतं. ओटीपोटात एकाएकी जोराची कळ, चक्कर, ताप, घाण वासाचं पांढरं जाणं, मधेच रक्त जाणं, किंवा हाताला प्लास्टिकचं कडक टोक लागणं: यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

४. दिवस ठरवा: सात दिवसांची खबरदारी

तांबी महिन्यातल्या कुठल्याही दिवशी काढता येते. पाळीच्या दिवसांत गर्भपिशवीचं तोंड थोडं सैल असतं म्हणून तेव्हा सोपं जातं. पाळीत डॉक्टरांकडे कसं जायचं, असा संकोच आपल्याला वाटतो. त्यांना वाटत नाही.

मूल हवं म्हणून काढत असाल तर दिवसाचा विचारच नको. तांबी निघाली की त्याच महिन्यापासून दिवस जाऊ शकतात, "शरीर मोकळं व्हायला" थांबावं लागत नाही. फॉलिक ॲसिडची गोळी मात्र आधीपासून सुरू करा.

मूल नको असेल तर हे नीट वाचा. काढण्याआधीच्या सात दिवसांत संबंध आले असतील तर पुरुषबीज आत जिवंत असू शकतं, आणि तांबी निघाल्यावर त्याला अडवायला काही उरत नाही. म्हणून एक तर पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत काढा, नाही तर आधीचे सात दिवस संबंध टाळा किंवा निरोध वापरा. जुनी काढून लगेच नवी बसवायची असली तरी हे पाळा, कारण नवी त्याच दिवशी बसेलच असं नाही. हे मला पहिल्या ठिकाणी कोणी सांगितलं नव्हतं.

५. मुंबईत कुठे जायचं

सगळ्यात जवळचा रस्ता म्हणजे महापालिकेचं प्रसूतिगृह किंवा आरोग्य केंद्र. वस्तीत येणाऱ्या आरोग्यसेविकेला विचारा, कुठल्या वारी तांबीचं काम होतं ते तिला नक्की ठाऊक असतं. प्रत्येक दवाखान्यात प्रत्येक दिवशी हे काम होत नाही, म्हणून न विचारता निघू नका. धागा सापडत नसेल किंवा आधी कुठे प्रयत्न फसला असेल, तर सरळ मोठं हॉस्पिटल गाठा: परळचं केईएम, शीवचं लोकमान्य टिळक, मुंबई सेंट्रलचं नायर, पश्चिम उपनगरात जुहूचं कूपर. परळला वाडिया प्रसूती रुग्णालय आहे, आणि सीएसएमटीजवळ कामा रुग्णालय तर फक्त बायका-मुलांसाठीच आहे. मोठ्या हॉस्पिटलात सकाळी लवकर पोहोचा. ओपीडीचे डॉक्टर असतात तोवर केसपेपरची खिडकी उघडी असेलच असं नाही. अकरा वाजता आरामात गेलात तर हात हलवत परत याल.

खाजगीत गर्दी कमी असते. पण फोनवरच विचारा: तपासणीचे किती, काढण्याचे किती, नवी बसवायची असेल तर तिचे किती, सोनोग्राफी यातच की वेगळी? आधी विचारलं नाही तर प्रत्येक गोष्टीचे पैसे वेगवेगळे सांगितले जातात.

मी प्रथम घराजवळच्या एका खाजगी दवाखान्यात गेले. तिथल्या बाईंनी मला आत घेण्याआधीच सांगितलं, "मिस्टरांना घेऊन या, त्यांची सही लागेल." मी चाळिशीची बाई, दोन मुलांची आई, स्वतः कमावती. तेव्हा मला उत्तर सुचलं नाही आणि मी उठून आले. आज सांगते: तांबी बसवायला किंवा काढायला नवऱ्याची सही लागत नाही. कायद्यात तसं काही नाही, सरकारी मार्गदर्शक सूचनाही तेच सांगतात. कोणी अडवलं तर "कुठल्या नियमाने?" एवढंच विचारा आणि दुसरा दवाखाना धरा. याच मुंबईत र. धों. कर्वे यांनी १९२१ साली संततिनियमनाचं केंद्र उघडलं होतं. शंभर वर्षं झाली त्याला. अजून बाईच्या शरीराची परवानगी तिच्या नवऱ्याकडे मागितली जाते, याचा मला मनापासून राग येतो.

६. सोबत काय न्यायचं

- तांबीचं कार्ड, नसेल तर डिस्चार्ज कार्ड किंवा बाळाच्या जन्मदाखल्याची झेरॉक्स
- आधार कार्ड
- पूर्वीची सोनोग्राफी असेल तर तिचा रिपोर्ट
- शेवटच्या पाळीची तारीख, कागदावर लिहून. आत गेल्यावर हमखास गोंधळ होतो
- चालू असलेल्या गोळ्या, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या, आणि कुठल्या औषधाची ॲलर्जी असेल तर तेही लिहून
- दोन पॅड, एक जादा निकर, पाण्याची बाटली

उपाशीपोटी जाऊ नका. काढताना एखादीला गरगरतं, आणि रिकाम्या पोटी ते जास्त होतं. कपडे साडी किंवा घेरदार ड्रेस असे घाला. जीन्स-लेगिंग पूर्ण उतरवून ठेवायला तिथे धड जागा नसते. सोबत कोणी बाई असली तर बरं, नसली तरी अडत नाही.

७. टेबलावर नेमकं काय होतं

हे सविस्तर सांगते, कारण भीती सगळी इथली असते.

आधी लघवी करून यायला सांगतात. मग टेबलावर पाठीवर झोपायचं, गुडघे वर, पाय बाजूला. डॉक्टर आधी हाताने तपासतात, मग स्पेक्युलम, म्हणजे योनिमार्ग उघडा धरणारं उपकरण, घालतात. ते गार लागतं आणि अंग आपोआप आखडतं. त्या वेळी तोंड किंचित उघडं ठेवून लांब श्वास सोडा. जबडा सैल सोडला की खालचं अंगही सैल पडतं. हे मला तिथल्या सिस्टरने शिकवलं. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला होता आणि ती माझ्याबरोबर स्वतः श्वास सोडत होती.

गर्भपिशवीच्या तोंडातून तांबीचा नायलॉनचा धागा बाहेर आलेला असतो. तोंड औषधाने पुसून घेतात, धागा चिमट्यात धरतात आणि हळूहळू, एकसारखा ओढतात. तांबीचे दोन्ही हात वर मिटतात आणि ती सरळ बाहेर येते. पाळीत येते तशी एक कळ येते, क्षणभर जोराची, आणि संपते. भूल नाही, चिरा नाही, टाका नाही. माझ्या जाऊबाईंची तांबी निघाली तेव्हा त्या विचारत होत्या, "सुरू कधी करणार?" आणि सिस्टर म्हणाली, "झालं की."

कळ सहन होणार नाही अशी धास्ती असेल तर घरून निघण्याआधी दुखण्याची गोळी घेऊ का, कुठली घेऊ, हे डॉक्टरांना आदल्या दिवशी विचारून ठेवा. आत असताना फार दुखलं तर "थांबा" म्हणा. थांबायला सांगणं हा उद्धटपणा नाही.

निघालेली तांबी दाखवा म्हणा. लाजू नका. माझी स्टीलच्या किडनी ट्रेमध्ये पडली होती: बोटाच्या दीड पेराएवढी, प्लास्टिक पिवळट झालेलं, तार जुन्या तांब्याच्या पैशासारखी काळपट. एवढीशी वस्तू साडेदहा वर्षं पहारा देत होती. बघायचं ते एवढ्यासाठी की दांडी आणि दोन्ही हात शाबूत आहेत ना. क्वचित एखादा हात मोडून आत राहतो. डॉक्टर तपासतातच, आपणही तपासावं.

उठताना सावकाश उठा. दहा-पंधरा मिनिटं बाकावर बसा, काही खा, मग निघा. लगेच धावत जाऊन गर्दीची लोकल पकडू नका. माझ्या शेजारच्या टेबलावरची मुलगी स्टेशनच्या जिन्यावर चक्कर येऊन बसली होती, हे मला तिनेच पुढच्या वेळी सांगितलं.

८. धागा सापडला नाही तर

माझ्या बाबतीत हेच झालं. दुसऱ्या दवाखान्यात डॉक्टरांनी स्पेक्युलम घातलं, बॅटरीचा झोत फिरवला आणि म्हणाल्या, "धागा दिसत नाही." माझ्या पोटात गोळा आला. लहानपणापासून ऐकलेलं सगळं डोक्यात आलं: तांबी पोटात चढते, काळजात जाते.

काळजात जात नाही. गर्भपिशवीतून काळजाकडे रस्ताच नाही. बहुतेक वेळा धागा नुसता वर, आत गुंडाळून गेलेला असतो. बाळंतपणात बसवलेल्या तांबीत हे फारच सर्रास होतं, कारण त्या वेळी गर्भपिशवी मोठी असल्याने धागा आतच राहतो आणि नंतर ती आक्रसली तरी कधी कधी तो खाली उतरत नाही. दुसरी शक्यता म्हणजे तांबी कधीतरी पाळीत पडून गेली आणि कळलंच नाही. हे पहिल्या वर्षात, त्यातही पहिल्या तीन महिन्यांत जास्त होतं. तिसरी शक्यता, हजारात एखाद-दोघींच्या बाबतीत घडणारी: बसवतानाच ती गर्भपिशवीच्या भिंतीतून आरपार गेली.

यांतलं कुठलं आहे हे शोधायचा क्रम ठरलेला आहे, आणि तो तुम्हाला माहीत असला की कोणी घाबरवू शकत नाही.

पहिलं, लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट. दुसरं, सोनोग्राफी. तांबी गर्भपिशवीत दिसली तर प्रश्न फक्त काढण्याचा उरतो. दिसली नाही तर तिसरं, पोटाचा एक्स-रे, छातीच्या खालपासून जांघेपर्यंतचा. तांबीच्या प्लास्टिकमध्ये बेरियम मिसळलेलं असतं ते याचसाठी, एक्स-रेत ती पांढरी उमटते. एक्स-रेतही नसेल तर ती पडून गेली आहे. पोटात दिसली तर दुर्बिणीने काढतात. सोनोग्राफीत दिसली नाही म्हणून "पडली असेल" असं म्हणून कोणी घरी पाठवत असेल तर एक्स-रे मागून घ्या. या एका पायरीवर खूप जणींचं अर्धवट राहतं.

आणि ज्यांना धागा सापडत नाही त्यांनी ओढाताण, खणाखण सुरू केली तर थांबवा. मला "बघू, प्रयत्न करते" म्हणत आत चिमटा घालायला लागल्या तेव्हा मी नको म्हटलं, उठले आणि सोनोग्राफीला गेले. रिपोर्ट आला: तांबी गर्भपिशवीत, जागेवर. तो घेऊन महापालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलात गेले. तिथे एका तरुण डॉक्टरीणबाईंनी लांब, बारीक चिमट्याने धागा आतून बाहेर घेतला. पाच-सहा मिनिटं लागली, दुखलं, घाम फुटला, पण निघाली. अशी निघाली नसती तर भूल देऊन, आत दुर्बीण घालून काढतात. त्याच दिवशी घरी सोडतात.

९. घरी आल्यावर, आणि त्यानंतर

एक-दोन दिवस थोडे डाग, थोडं ओटीपोट दुखणं, एवढं चालतं. तासाला एक पॅड भिजत असेल, ताप आला, घाण वास येऊ लागला, तर परत जा. पुढची पाळी थोडी मागेपुढे झाली तर बिचकू नका.

मूल नको असेल तर टेबलावरून उतरण्याआधी पुढचं ठरलेलं असू द्या, कारण संरक्षण त्या क्षणापासून बंद होतं. नवी तांबी त्याच वेळी बसवता येते, मधे "पिशवीला विश्रांती" द्यावी लागत नाही. तांबी नको असेल तर सरकारी दवाखान्यात अंतरा इंजेक्शन दर तीन महिन्यांनी फुकट मिळतं. छाया गोळीही मिळते: पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. ती पाळीच्या पहिल्या दिवशी सुरू करायची असते, म्हणून तांबी काढण्याआधीच घरात आणून ठेवा. कोणाला काय चालेल हे बीपी, साखर, वय बघून डॉक्टरांनाच ठरवू द्या. मैत्रिणीला चाललं म्हणून आपल्याला चालेल असं नाही.

मी नवी ३८० त्याच टेबलावर बसवून घेतली. ही तांबी पाळी जाईपर्यंत पुरेल असं डॉक्टर म्हणाल्या. नवी बसवली असेल तर पहिली पाळी झाली की एकदा दाखवून या. पाळी संपल्यावर हात धुऊन, उकिडवं बसून, मधल्या बोटाने धागा लागतो का ते बघता येतं; गळाच्या दोरीच्या टोकासारखा लागतो. नुसता बघायचा, ओढायचा नाही. पाळीत कप वापरत असाल तर काढताना आधी कडेने दाबून त्याची हवा सोडा, मग काढा, नाहीतर धागा त्याच्याबरोबर ओढला जाऊ शकतो.

नवं कार्ड हातात आलं तसं मी तिथेच खिडकीजवळ उभी राहून वाचलं. तारीख होती, पण तांबीच्या प्रकाराच्या रकान्यात काहीच नव्हतं. परत आत गेले, सिस्टरकडून ३८० ए लिहून घेतलं. मग मोबाइलवर त्याचा फोटो काढून नवऱ्याला आणि थोरल्या मुलीला पाठवला. आता कार्ड गॅसच्या पुस्तकात ठेवलं आहे, आणि कपाटाच्या दाराला आतून, जिथे एलआयसीच्या हप्त्याच्या तारखा लिहिलेल्या आहेत, त्याखाली पेनने लिहिलं आहे: तांबी, फेब्रुवारी २०३४.